दुःख दोघांचं, शिक्का एकीवर

‘एका विधवेची तरल प्रेमकथा.’ क्लोद लेलूशच्या ‘अं नॉम ए युन फाम’ या १९६६ सालच्या फ्रेंच चित्रपटाची मराठीत ओळख करून द्यायची वेळ आली की हे चार शब्द हमखास येतात. चित्रपटाचं नाव शब्दशः ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ असं आहे. दिग्दर्शकाने नावातच दोघांना एका ओळीत, एका मापाचे शब्द देऊन बसवलं आहे. मराठीत येता येता त्यातला पुरुष गळतो आणि स्त्रीची विधवा होते. माझं भांडण या गळतीशी आहे.

मध्यंतरी एका नियतकालिकासाठी मी या चित्रपटावर छोटं टिपण लिहिलं. त्यात ‘जोडीदार गमावलेल्या दोघांची गोष्ट’ असं म्हटलं होतं. छापून आलं ते ‘एक विधवा आणि एक कार रेसर यांची गोष्ट’. विचारल्यावर उत्तर मिळालं, “अहो, वाचकाला चटकन कळायला हवं ना!” वाचकाला चटकन काय कळावं, तर बाई विधवा आहे. पुरुष काय आहे? तो गाड्या चालवतो. बाईची ओळख तिच्या मेलेल्या नवऱ्यावरून आणि पुरुषाची त्याच्या धंद्यावरून. वास्तविक तीही नोकरी करते आणि त्याचीही बायको मेलेली आहे. चित्रपट पाहिलेल्या माणसाला हे दोन्ही माहीत असतं. तरी लिहिताना हात आपोआप असाच वळतो. ज्या हाताला हे वळण आपोआप पडतं, तो एकट्या संपादकाचा हात नव्हे. तो भाषेचा हात आहे.

चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. आन गोतिए (आनुक एमे) पॅरिसला राहते, चित्रपटांच्या सेटवर स्क्रिप्ट गर्लचं काम करते. तिचा नवरा पिएर स्टंटमन होता. चित्रीकरणातल्या अपघातात गेला. जाँ-लुई द्युरोक (जाँ-लुई त्रँतिन्याँ) मोटारींच्या शर्यतीत उतरतो. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तो जबर जखमी झाला, तो वाचत नाही या धास्तीने त्याच्या बायकोने जीव दिला. तो वाचला. आनची मुलगी आणि त्याचा मुलगा दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी एकाच वसतिशाळेत आहेत. एका रविवारी आनची शेवटची गाडी चुकते आणि तो तिला पॅरिसपर्यंत सोडतो. इथून पुढे ओळख, बोलणं, पाऊस, मोटारीची काच पुसणारे वायपर, मुलांबरोबरचं जेवण, तिने मोंते कार्लोला पाठवलेली तार, त्याने रात्रभर हाकलेली गाडी. मग हॉटेलची खोली. तिथे ती थांबते. नवरा तिच्यासाठी अजून मेलेला नाही. ती आगगाडीने परत निघते, तो मोटारीने तिच्या आधी स्टेशनवर पोचतो, ती उतरते, मिठी, आणि चित्र गोठतं. एवढंच. त्या साली कान महोत्सवात याला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं आणि पुढच्या ऑस्करमध्ये दोन पुतळे, एक परभाषी चित्रपटाचा आणि एक पटकथेचा.

जयपूरला सी-स्कीममध्ये आम्ही दहा-बारा जण अधूनमधून एकाच्या दिवाणखान्यात चित्रपट बघतो. मराठी, मारवाडी, बंगाली, सिंधी अशी सरमिसळ. भाषांवर प्रेम एवढा एकच समान धागा. हा चित्रपट संपल्यावर दोन मतं पुढे आली आणि दोन्ही माझ्या चांगल्या ओळखीची निघाली, कारण मराठी समीक्षेत मी ती कितीदा तरी वाचली आहेत. पहिलं मत: सुंदर आहे, पण हे सगळं त्यांच्याकडचं, आपल्याकडे झेपायचं नाही. दुसरं मत जास्त कौतुकाने मांडलेलं: बघा, शेवटी तीसुद्धा आपल्याच बायकांसारखी निघाली, नवऱ्याला विसरू शकली नाही! पहिलं मत चित्रपटाला परका ठरवून बाजूला सारतं. दुसरं त्याला आपलंसं करून गिळून टाकतं. दोन्ही चूक आहेत, आणि दोन्ही चुकांची किंमत जिवंत बायका मोजतात. म्हणून ही केवळ आस्वादाची बाब मानून सोडून देता येत नाही.

आधी ‘त्यांच्याकडचं’ या शब्दाकडे बघू. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. फ्रेंचमधला ‘व्हव’, लॅटिनमधला ‘विदुआ’, इंग्रजीतला ‘विडो’ आणि आपला ‘विधवा’ हे एकाच मूळ धातूच्या कुळातले शब्द आहेत. म्हणजे नवरा मेलेल्या बाईला काय म्हणायचं, यावर पॅरिस आणि पैठण यांचं हजारो वर्षांपूर्वीच एकमत झालेलं आहे. पुढची गंमत संस्कृतातली. पंडितांनी ‘विधवा’ हा शब्द फोडला: ‘वि’ म्हणजे विना आणि ‘धव’ म्हणजे नवरा. भाषाशास्त्र सांगतं की ‘धव’ हा नवरावाचक शब्द या चुकीच्या फोडीतून जन्मला. विधवेच्या नावातून नवरा कोरून काढला! बाई मूळ शब्दात नुसती एकटी पडलेली होती. व्याकरणाने तिला नवऱ्यावाचूनची केली.

आणि ‘विधुर’? तो ‘विधवा’चा पुल्लिंगी जोडीदार आहे असं आपण शाळेत विरुद्धलिंगी शब्दांच्या यादीत पाठ केलेलं असतं. पण संस्कृतात ‘विधुर’ म्हणजे व्याकूळ, दुःखी, ताटातूट झालेला. ‘विरहविधुर’ हा शब्द मराठी काव्याच्या चर्चेत आजही वापरतात. पुरुषाच्या वाट्याला आलेला शब्द मनाची अवस्था सांगतो, बाईच्या वाट्याला आलेला तिचा दर्जा सांगतो. तो दुःखी आहे. ती विधवा आहे. त्याचं दुःख ओसरू शकतं, कारण मनाच्या अवस्था बदलतात. दर्जा ओसरत नाही, तो बदलायला ठराव लागतो.

आणि तो फार काळ दुःखी राहू नये याची सोयही भाषेने केली आहे. ‘बिजवर’ हा शब्द घ्या. दुसरेपणाचा नवरदेव. ‘बिजवराला दिली’ म्हणताना मुलीविषयी थोडी हळहळ असते, पण शब्द लग्नाच्या मांडवातला आहे, बिजवर हा वरच आहे. आता बाईसाठी याच तोलाचा शब्द शोधा. सापडेल तो ‘पाट’ आणि ‘मोहतूर’. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे. म्हणजे दुसरा संसार होता, त्याला नाव होतं, विधी होता. पण तो रात्री, मोजक्या माणसांत, कमी मानाने. आणि ‘पाटाची बायको’ ही ‘लग्नाच्या बायको’पेक्षा एक पायरी खाली. राजस्थानात याच्या जवळपासचा शब्द ‘नाता’. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाया तो शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात, सी-स्कीमच्या दिवाणखान्यांत तो कोणी उच्चारत नाही. पाट काय किंवा नाता काय, हे स्वर्ग नव्हते आणि नाहीत. त्यात पैशांची देवघेव आहे, बाईला विचारलं जाईलच अशी खात्री नाही. पण ‘जोडीदार गेल्यावर पुन्हा जोडीदार’ ही कल्पना आपल्याकडे झेपत नाही, असं म्हणणाऱ्याने ‘आपण’ या शब्दात कोणाला धरलं आहे हे सांगावं. महाराष्ट्रातल्या आणि राजस्थानातल्या किती जातींना ती झेपत होती. झेपली नाही ती लिहित्या हातांच्या जातींना, आणि साहित्य त्यांनीच लिहिलं.

कायद्याचीही हीच तऱ्हा. १८५६ सालचा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण सुधारणेचा विजय म्हणून शिकतो. त्याचं दुसरं कलम मात्र शिकवत नाहीत. पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क संपेल, जणू ती त्या क्षणी मेली, असं ते कलम सांगत होतं. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने हा नियम ज्या जातींत पाट आधीपासूनच रूढ होता त्यांनाही लावला. वरच्या जातीच्या बाईला दार उघडलं आणि त्याच दारात खालच्या जातीच्या बाईची जमीन काढून घेतली. प्रेम करायचं असेल तर आधी मर, मग जग. हा कायदा १९८३ साली रद्द झाला. त्यातलं ‘जणू ती मेली’ मात्र आपल्या मनातून रद्द झालेलं नाही.

आता कोणी म्हणेल, लेलूशच्या पात्रांचं काय, ती खात्यापित्या घरची आहेत. मोटार आहे, समुद्रकाठचं हॉटेल आहे, मुलं वसतिशाळेत आहेत. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मला उपयोगीही आहे. नवरा गेल्यावर प्रेम करायला डोक्यावर स्वतःचं छप्पर लागतं आणि महिन्याअखेर स्वतःचा पगार लागतो. आनकडे दोन्ही आहेत. तिचं काम काय, तर आधीच्या शॉटमध्ये कोणती वस्तू कुठे होती याची नोंद ठेवायची आणि पुढच्या शॉटमध्ये ती तिथेच आहे ना हे पाहायचं. मधे कितीही खंड पडला तरी गोष्ट सलग राहिली पाहिजे, याची जबाबदारी तिची. नवरा गेल्यावर तिने स्वतःच्या आयुष्याच्या बाबतीतही हेच केलं. आपल्याकडे नेमकी ही सलगता तोडण्यासाठी विधी आहेत.

त्या विधींबद्दल बोलू. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. एकविसाव्या शतकाचं बाविसावं वर्ष उजाडावं लागलं, पण झालं हे चांगलंच. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, याच राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करायला सांगितलं. टीका झाल्यावर ही केवळ चर्चा होती असा खुलासा आला. हेतू सन्मानाचा होता म्हणे. पण प्रश्न साधा आहे. बायको गेलेल्या पुरुषाच्या नावामागे काय लागतं? लग्नाच्या आधी ‘श्री.’, लग्नानंतर ‘श्री.’, बायको वारल्यावर ‘श्री.’, दुसऱ्या लग्नाच्या पत्रिकेतही ‘श्री.’. बाई मात्र ‘कु.’, मग ‘सौ.’, मग ‘गं. भा.’. तिच्या नावाच्या आधी तिच्या घरातल्या पुरुषाच्या प्रकृतीचं बातमीपत्र छापलेलं असतं. त्यात ‘विधवा’च्या जागी नदीचं नाव घातलं म्हणून बातमी बदलत नाही.

इथे दुसऱ्या मताकडे येते, ‘शेवटी ती आपल्यासारखीच निघाली’ या कौतुकाकडे. हे मत जास्त धोक्याचं आहे, कारण ते गोड आहे. हॉटेलच्या खोलीत आन थांबते हे खरं. पण का थांबते? समाज काय म्हणेल म्हणून नाही. चित्रपटात समाज नावाची कोणी व्यक्तीच नाही: सासू नाही, शेजारीण नाही, डोळे वटारणारा दीर नाही. पाप लागेल म्हणूनही नाही. तिने पिएरवर मनापासून प्रेम केलं होतं आणि ते प्रेम अजून संपलेलं नाही, इतक्या साध्या कारणासाठी ती थांबते. तिच्यावर कोणाची सक्ती नाही म्हणूनच तिच्या नकाराला अर्थ आहे, आणि त्याच कारणासाठी स्टेशनवरच्या होकारालाही अर्थ आहे. जिला ‘हो’ म्हणण्याची मुभा नाही तिच्या ‘नाही’ला आपण निष्ठा म्हणतो, ही लबाडी आहे. कुलूप लावलेल्या घरात बसलेल्या माणसाचं ‘किती घरकोंबडा आहे’ म्हणून कौतुक करण्यासारखं आहे हे.

लेलूशकडे संपूर्ण रंगीत चित्रपट करायला पुरेसे पैसे नव्हते. त्यामुळे काही भाग रंगीत आहे आणि काही एकरंगी. पण चणचणीतून एक विलक्षण गोष्ट साधली. नवऱ्याच्या आठवणी रंगांत उजळतात आणि हॉटेलच्या खोलीतला वर्तमान रंगहीन राहतो. मेलेला माणूस रंगीत, जिवंत माणूस फिका. दुःखाचं इतकं अचूक वर्णन मला क्वचित कुठे दिसलं आहे. आणि तरीही चित्रपट असं म्हणत नाही की रंग पुसा म्हणजे पुढे जाता येईल. पिएरला कोणी पुसत नाही. जाँ-लुईसुद्धा पुसत नाही. आपला विधी बरोबर उलटा चालतो: बाईच्या अंगावरून नवऱ्याची एकूण एक खूण पुसायची, आणि मग तिने त्याच्याच आठवणीत जन्म काढावा अशी अपेक्षा करायची. पुसायचं पण विसरायचं नाही. आनच्या बाबतीत काहीच पुसलं जात नाही, म्हणून तिला विसरण्याचीही गरज पडत नाही. ती सगळं घेऊन पुढे जाते.

हे वाचून कोणाला वाटेल, बाई उगाच जुनी मढी उकरते आहे, काळ बदलला. मी ज्या शहरात राहते तिथून काही तासांच्या अंतरावर सीकर जिल्ह्यात देवराळा गाव आहे. ४ सप्टेंबर १९८७ रोजी तिथे अठरा वर्षांच्या रूप कंवरला नवऱ्याच्या चितेवर जाळलं गेलं. त्यानंतर जयपूरच्या रस्त्यांवर निषेधाचे मोर्चे निघाले आणि सतीच्या समर्थनाचेही निघाले. मी तेव्हा शाळेत जाण्याच्याही वयाची नव्हते, पण इथे राहायला आल्यावर त्या समर्थनाच्या मोर्च्यांत सुशिक्षित माणसं होती हे मला सुशिक्षित माणसांनीच सांगितलं. अशा शहरात बसून आन गोतिएच्या प्रेमाला ‘तरल’ म्हणून मोकळं होता येत नाही. इथे तो जिवंत राहण्याचा प्रश्न आहे.

आणि महाराष्ट्राने राजस्थानकडे बोट दाखवू नये. थेऊरला माधवराव पेशव्यांमागे रमाबाई सती गेल्या ते १७७२ साल. तो इतिहास झाला. पण रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची आहे. मराठी घराघरांत वाचली गेलेली, अकादमीचा पुरस्कार मिळवलेली, मुलींना भेट म्हणून दिली गेलेली ही कादंबरी आपण काय म्हणून वाचतो? माधव-रमेची प्रेमकथा म्हणून. ती कुठे संपते? चितेवर. लेलूशचा चित्रपट यायच्या चारच वर्षं आधी मराठी वाचक एका तरुण विधवेच्या जळण्यावर गहिवरत होता आणि त्याला प्रेमाची परिसीमा म्हणत होता. कादंबरीकाराने इतिहास बदलायला हवा होता असं मी म्हणत नाही. माझा सवाल गहिवराला आहे. माधवरावांच्या आधी रमाबाई गेल्या असत्या तर पेशव्यांनी चितेवर चढावं असं एकाही वाचकाच्या मनात आलं असतं का? तेव्हा प्रेमाची परिसीमा कुठे गेली असती?

हिंदी पडद्याची हुशारी आणखी वेगळी. सी-स्कीमच्या कडेला भगवानदास मार्गावर राजमंदिर थिएटर आहे. डब्ल्यू. एम. नामजोशी या मराठी वास्तुरचनाकाराने ते बांधलं, १९७६ साली ते सुरू झालं, आणि जयपूरला येणारा पाहुणा हवामहलाइतक्याच उत्सुकतेने ते बघायला जातो. अशा राजवाड्यांत बसून या देशाने प्रेमकथा पाहिल्या. त्यांत विधवेचं काय झालं? ‘कटी पतंग’मध्ये पांढऱ्या साडीतल्या नायिकेवर नायक प्रेम करू शकतो, कारण प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक आहे की ती विधवा नाहीच, तिने दुसरीचं नाव घेतलेलं आहे. ‘शोले’मध्ये ठाकूरची विधवा सून दिवे मालवते, जय माउथ ऑर्गन वाजवतो, लग्नाची बोलणी निघतात, आणि पटकथा जयला मारून टाकते. ‘खट्टा मीठा’मध्ये विधुर आणि विधवा सुखाने संसार थाटतात, पण त्यासाठी दोघं पारशी असावी लागतात आणि चित्रपट विनोदी असावा लागतो. अपवाद आहेत. बी. आर. चोप्रांनी १९५६ सालीच ‘एक ही रास्ता’ काढला होता. पण अपवादाच्या नावातच बघा, ‘एकच रस्ता’. पुनर्विवाह म्हणजे अडचणीतून काढलेला मार्ग. एखादीला हवासा वाटला म्हणून धरलेला हात नव्हे.

इथे आपण माझ्या मुख्य तक्रारीपाशी आलो. मराठीने जोडीदार गमावल्यानंतरचं प्रेम नाकारलं असं नाही. मराठीने ते ‘सुधारणा’ या खात्यात जमा केलं. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचा विधवाविवाहावरचा ग्रंथ मराठीत आणला. म्हणजे हा वादच आपल्याकडे अनुवादातून पेटला, याचा अनुवादक म्हणून मला अभिमान वाटतो. पण तो शास्त्रार्थ होता: कोणतं वचन कुठे बसतं, स्मृती काय सांगते. ‘यमुनापर्यटन’ हे १८५७ सालचं पुस्तक, मराठीतली पहिली कादंबरी, विधवांच्या हालांवर आहे. हरिभाऊ आपट्यांची यमू आपलं दुःख स्वतः सांगते. हे सगळं थोर आहे. पण दीडशे वर्षं विधवा मराठीत हालअपेष्टांची मानकरी राहिली. तिचे हाल लिहिले, तिची दया लिहिली, तिचा उद्धार लिहिला. तिला कोण आवडतं हे लिहायला हात थरथरले.

न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३ साली पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. बिजवर झाले. रमाबाई पुढे मोठ्या झाल्या, त्या संसारातून महाराष्ट्राला खूप मिळालं, म्हणून आपण ते प्रकरण हळुवारपणे मिटवतो. आता शेजारी धोंडो केशव कर्व्यांना ठेवा. त्यांची पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. मित्राची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन झालेली, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला आलेली. १८९३ साली पुण्यात दोघांचं लग्न झालं. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. एक पुरुष, एक स्त्री. दोघांनी जोडीदार गमावलेला. त्याला मूल होतं, तिला शिक्षणाची ओढ होती. लेलूशच्या त्रेहत्तर वर्षं आधी ही गोष्ट कोकणात आणि पुण्यात घडून गेली होती. फ्रान्सला जायची गरजच नव्हती.

पण आपण ती कशी सांगतो? ‘महर्षी कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला.’ पाठ्यपुस्तकातलं हे वाक्य व्याकरणात तपासा. कर्ता: महर्षी. कर्म: विधवा. आणि महर्षी स्वतः तेव्हा कोण होते? विधुर. मग ‘एका विधवेने एका विधुराशी विवाह केला’ हे वाक्य तितकंच खरं आहे. ते आजवर मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. कर्व्यांच्या नावाचा रस्ता पुण्यात आहे, त्यांना भारतरत्न मिळालं, आणि ते सगळं त्यांच्या कामाचं फळ आहे. पण गोदूबाईंनी, म्हणजे बायांनी, १९४४ साली ‘माझे पुराण’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात संसार आहे, ओढाताण आहे, संस्थेपायी घरची झालेली आबाळ आहे, रोखठोकपणा आहे. ते पुस्तक आपण समाजसुधारणेच्या कपाटात ठेवलं. दोन माणसांच्या सहजीवनाचं पुस्तक म्हणून, प्रेमाच्या कपाटात, कोणी ठेवलं का? उद्धारकाच्या कथेत उद्धरलेलीने गप्प आणि कृतज्ञ राहायचं असतं. बाया दोन्ही राहिल्या नाहीत, म्हणून तर त्या वाचायच्या.

लेलूशचा चित्रपट मला मोठा वाटतो तो नेमका याच जागी. त्यात कोणी कोणाचा उद्धार करत नाही. जाँ-लुई आनला पदरात घेत नाही, जीवदान देत नाही, समाजाशी झुंजत नाही. तोही तितकाच मोडलेला आहे. दोघं शेजारी बसून आपापल्या मेलेल्या माणसांबद्दल बोलतात आणि बोलता बोलता जवळ येतात. दुःख सारखं वाटलेलं आहे, म्हणून प्रेमही सारखं वाटलं जातं. त्या काळच्या मराठी सुधारकाला यातलं सर्वांत धक्कादायक काय वाटलं असतं? हॉटेलची खोली नव्हे. या चित्रपटात उपकारकर्ताच नाही, हे.

अनुवादात ही समता राखणं अवघड असतं, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगते. फ्रेंचमध्ये मराठीसारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. इंग्रजी उपशीर्षकांवरून मराठी करणाऱ्याला हा भेद दिसतच नाही. तो अंदाजाने ठरवतो. आणि अंदाज कुठे जातो? बाई पुरुषाला ‘तुम्ही’ म्हणते, पुरुष बाईला ‘तू’ म्हणतो. मराठी प्रेमकथांच्या किती अनुवादांत मी हे पाहिलं आहे! मूळ भाषेत दोघं एका पातळीवर उभी असतात; मराठीत येताच पुरुषाला पाट मिळतो आणि बाई जमिनीवर बसते. कोणी असं ठरवून केलेलं नसतं. तसंच सुरुवातीच्या त्या ‘विधवा आणि कार रेसर’चं. अनुवादात राजकारण शिरतं ते बहुतेकदा असंच, सवयीच्या पावलांनी.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या कायदेमंडळाकडे नाहीत, लिहिणाऱ्यांकडे आहेत. दोघांनी जोडीदार गमावला असेल तर दोघांसाठी एकच शब्द वापरा. ‘विधवा’ लिहायचं असेल तर त्याच वाक्यात ‘विधुर’ लिहा, नाहीतर दोन्ही गाळा. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ संपादकीय कात्रीने कापा; त्यासाठी शासननिर्णयाची वाट बघावी लागत नाही. प्रेमकथेच्या परिचयात ‘धाडसी’, ‘बंडखोर’, ‘समाजाला न जुमानता’ ही विशेषणं पुरुषाला लावता येत नसतील तर बाईलाही लावू नका. तू-तुम्ही मूळ भाषेत तपासा. आणि ‘हे आपल्याकडचं नाही’ असं लिहिण्याआधी पाट, मोहतूर आणि नाता हे शब्द कोणाच्या तोंडचे आहेत ते एकदा आठवा.

त्रँतिन्याँ २०२२ साली गेला, एमे २०२४ साली. त्याआधी २०१९ मध्ये लेलूशने त्या दोघांना पुन्हा एकदा एकत्र आणलं होतं: तो वृद्धाश्रमात, आठवणी विरत चाललेल्या, आणि ती त्याला भेटायला आलेली. पन्नासहून अधिक वर्षं एका दिग्दर्शकाने दोन माणसांची चौकशी सोडली नाही. आपल्याकडे अशी दोन माणसं १८९३ सालापासून वाट बघत आहेत. त्यांचा पुतळा झाला, टपाल तिकीट झालं, रस्ता झाला. त्यांची प्रेमकथा अजून मराठीत लिहायची आहे.